छातीखाली ३३, छातीवर ४१: ब्राचा नंबर नक्की कोणता?

बकुळ

मापं आधीच देते, म्हणजे अंदाज येईल. छातीखालचा घेर टेप नुसता टेकवून ३३ इंच, श्वास सोडून आवळला तर ३२. सगळ्यात भरलेल्या भागावरून उभ्याने ४०, कमरेत वाकून ४३, उताणं झोपून ३९.५.

सध्या ३८-सी, पॅडेड, वायरवाली. बँड पाठीवर वर चढतो, खांद्यावर खाचा पडतात, काखेजवळ मांस बाहेर येतं आणि दोन कपांच्या मधला भाग छातीला टेकतच नाही. वायर काखेखाली टोचते. दुकानात ४०-सी घ्या म्हणतात. रोज कुर्ती, महिन्यातून तीन-चारदा साडी, येणं-जाणं लोकलने. एका ब्राला दीड हजारापर्यंत चालेल. नंबर कोणता आणि दुकानात नेमकं काय बघायचं?

टाचणी

४०-सी अजिबात घेऊ नका.

आपल्याकडचा मूळ घोळ असा, की ब्लाउजचा नंबर तोच ब्राचा नंबर असं धरलं जातं. शिंपी "अडतीस" म्हणतो ते भरल्या छातीचं माप. ब्राच्या पेटीवरचं ३८ हे बँडचं, म्हणजे छातीखालच्या पट्ट्याचं. दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही. कप किती मोठा हे पुढचं अक्षर सांगतं, आणि तेही एकटं काही सांगत नाही. ३२-डी आणि ४०-डी हे दोन अगदी वेगळे कप आहेत.

तुमचा हिशेब असा: ४०, ४३ आणि ३९.५ यांची सरासरी ४०.८. बँड ३४ धरला तर फरक जवळजवळ ७ इंच. ब्रिटिश पद्धतीत एक इंचाला एक कप: ए, बी, सी, डी, डीडी, ई, एफ. सातवा एफ. म्हणजे सुरुवात ३४-एफ पासून.

आता "३८-सी कुठे आणि ३४-एफ कुठे" असं वाटेल. बँड एक नंबर (दोन इंच) कमी केला की कपचं अक्षर एकाने वाढवायचं, आतली जागा तेवढीच राहते. ३८-सी = ३६-डी = ३४-डीडी. म्हणजे आत्ताचा कप तुम्हाला दोन नंबर लहान आहे आणि बँड चार इंच मोठा. दुकानदाराचं ४०-सी म्हणजे ३४-ई इतका कप. घालून बघितली की थोडं बरं वाटेल, कारण कप एकाने वाढला. पण बँड सहा इंच सैल. महिन्याभरात तो मानेकडे निघालेला असेल.

खांद्यावरच्या खाचा त्यामुळेच. भार मुळात बँडने उचलायचा असतो, स्ट्रॅपनी कप फक्त अंगाला धरून ठेवायचे. बँड सैल असला की मागून वर सरकतो, पुढून कप खाली जातात, मग आपण स्ट्रॅप आवळतो, त्याने बँड मागून आणखी वर ओढला जातो.

दुपारचा चहा

टाचणी, एक शंका. कंपन्यांच्या तक्त्यात ३३ इंचाला सरळ ३८ दाखवतात. तुम्ही ३४ म्हणताय. तक्ता चूक कसा असेल?

टाचणी

बरोबर पकडलंत. याच ठिकाणी बहुतेक जणी फसतात.

पेटीवर ३४ च्या शेजारी ७५ लिहिलेलं असतं. ते सेंटिमीटर. ७५ सेंमी म्हणजे साडेएकोणतीस इंच, चौतीस नव्हे! छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवून नंबर काढायचा, ही जुनी रीत त्या आकड्यात अजून बसलेली आहे. ३३ इंच म्हणजे ८४ सेंमी, तक्त्यात ते ८५ च्या, म्हणजे ३८ च्या रकान्यात पडतं. ३३ अधिक ५ बरोबर ३८, छाती ४१ वजा ३८ बरोबर ३, म्हणजे सी. बकुळ यांच्या अंगावरची ३८-सी याच हिशेबाने आलेली दिसते.

लहान कपांना हे खपून जातं, कारण उचलायला फारसं काही नसतं. वजन असेल तर बँडला ताण हवाच, आणि आजच्या लायक्रा घातलेल्या बँडला ताण येतो, पण तो ओढला गेला तरच.

वाद घालण्यापेक्षा ब्रा मोजा. हुक लावा, टेबलावर टेपच्या कडेने धरून बँड दोन्ही हातांनी ताणता येईल तितका ताणा. दुहेरी असेल तर येईल त्याची दुप्पट. ही लांबी तुमच्या टेकवलेल्या मापाइतकी किंवा इंचभर जास्त आली (इथे ३३-३४) की बँड बसेल. ३७-३८ आली तर पेटीवर काहीही छापलेलं असो, तो पट्टा पहिल्या दिवसापासून सैल. काही कंपन्यांचे बँड खरोखर कडक असतात, त्यांच्यात ३६-ई घ्यावी लागेल. कपाची जागा तीच.

अक्षरांचंही सांभाळा. ब्रिटिश ३४-एफ ला अमेरिकन लेबलवर ३४-जी म्हणतात आणि युरोपियनवर ७५-जी. फ्रान्समध्ये बँडचा आकडा आणखी १५ ने वाढतो, म्हणजे ९०-जी. डीडीच्या पुढे आपल्याकडच्या कंपन्या अक्षरं आपापल्या पद्धतीने लावतात, त्यामुळे अक्षर न बघता त्या कंपनीच्या तक्त्यात छातीचं माप बघा.

सुईदोरा

नंबर झाला. पण नंबर बरोबर असूनही ब्रा बसत नाही, आणि त्याचं कारण आकार.

उभ्याने ४० आणि वाकून ४३. तीन इंचांचा फरक म्हणजे स्तन मऊ आहेत आणि भार खालच्या बाजूला आहे. अशांना साच्यात दाबून केलेला एकसंध फोमचा कप, म्हणजे दुकानात टी-शर्ट ब्रा म्हणतात तो, शंभरातल्या नव्वद वेळा चुकतो. त्या कपाला तळाशी खोली नसते. खोली मिळाली नाही की स्तन कपालाच पुढे ढकलतो, मग मधला भाग छातीपासून सुटतो, वायर खाली घसरते, आणि वरच्या काठाशी कधी फुगवटा तर कधी उलट पोकळी दिसते. पोकळी बघून बाया कप लहान करतात. इथेच चुकतं. वरची पोकळी पुष्कळदा कप उथळ असल्यामुळे असते, मोठा असल्यामुळे नव्हे.

तुम्हाला शिवणीचा कप हवा, पॅड नसलेला. हातात घेऊन उलटा करा आणि शिवणी मोजा. एकच आडवी शिवण म्हणजे दोन तुकडे, खोली जेमतेम. खालच्या अर्ध्यात उभी शिवण आणि वर आडवी, असे तीन तुकडे असतील तर तळाला खरा वाडगा तयार होतो. त्यात बाहेरच्या बाजूने, काखेकडून कपात येणारा चौथा तुकडा असेल तर तो मांस मधे आणतो. काखेजवळचं बाहेर येणं त्याने कमी होतं. कटोरी ब्लाउज साध्या टक्सच्या ब्लाउजपेक्षा भरल्या छातीला चांगला का बसतो, त्याचंच हे उत्तर आहे.

मग कप एका हाताने धरून दुसऱ्या हाताने आडवा ओढा. खालचा अर्धा अजिबात ताणता कामा नये. वरचा काठ लेसचा, थोडा ताणणारा असला तर फायदाच, कारण पाळीच्या आधी घेर वाढतो आणि दोन बाजूही कधी सारख्या नसतात. पंखाचं कापड (कपापासून हुकपर्यंतचं) पॉवरनेटचं (ताणणाऱ्या घट्ट जाळीचं) आणि शक्यतो दुहेरी. स्ट्रॅप पुढून न ताणणारा, फक्त मागे थोडं इलॅस्टिक, रुंदी पाऊण इंचाच्या आसपास. पूर्ण इलॅस्टिकचा स्ट्रॅप चालताना स्प्रिंगसारखा वरखाली करतो. हुक तीन ओळींचे. काखेखाली शिवणीत प्लास्टिकची बारीक काडी असेल तर पंख गोळा होत नाही.

आणि मिनिमायझर म्हणजे आधार नव्हे. तो मांस पसरून काखेकडे ढकलतो, समोरून इंच-दीड इंच कमी दिसतं इतकंच. काखेजवळची तक्रार असणाऱ्या बाईला मिनिमायझर देणं म्हणजे आगीत तेल.

निरगुडी

इतकी यातायात कशाला? वायरने स्तनांचा कर्करोग होतो असं वाचलंय. साधी होजिअरीची कॉटनची घ्यावी आणि मोकळं व्हावं.

टाचणी

नाही होत. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, ५५ ते ७४ वयाच्या सुमारे दीड हजार बायकांचा. वायर, कपाचा नंबर, दिवसात किती तास घातली, कितव्या वर्षी सुरू केली, यातल्या कशाचाही कर्करोगाशी संबंध आढळला नाही. गाठ, बोंडातून स्राव किंवा कातडीला खळी दिसली तर डॉक्टर गाठायचा, ब्रा कुठलीही असो.

होजिअरीची घरी घालायला उत्तम. पण विणलेलं कापड वजनाखाली तासाभरात ढिलं पडतं आणि घामाने आणखी. लोकलच्या गर्दीत आठ तास ती टिकणार नाही. वायर नकोच असेल तर बिनवायरची मिळते, फक्त कप शिवणीचा हवा आणि खालचा बँड रुंद, दीड-दोन इंच तरी.

बकुळ

दुकानात ३४-डीडी पर्यंतच होती, तीन तुकड्यांच्या कपाची. ती घालून बघितली. बँड इतका घट्ट की श्वास लागतो. मधला भाग अजूनही टेकत नाही. मग ३६ घ्यावा का?

टाचणी

बँड घट्ट नाहीये गं, कप लहान आहेत. तुझ्या मापाला डीडी दोन कप कमी पडते. आत मावत नाही तो भाग कपाला पुढे ढकलतो, ते कापड बँडमधून ओढलं जातं, आणि आवळतोय तो बँड असं वाटतं.

खात्री करायची तर तीच ब्रा उलटी घाल. हुक पोटाकडे, कप पाठीकडे. आता कपांचा परिणाम गेला, फक्त बँड राहिला. सगळ्यात बाहेरच्या हुकवर दोन बोटं चपटी आत जातील आणि बँड जमिनीला समांतर राहील, तर ३४ बरोबर. बोटंही जात नसतील तरच ३६.

नवी ब्रा नेहमी बाहेरच्या, म्हणजे सैल हुकवर बसली पाहिजे. आतले हुक पुढच्या महिन्यांसाठी, इलॅस्टिक ढिलं पडेल तेव्हा. पहिल्या दिवशीच सगळ्यात आतल्या हुकवर बसणारी घेतली, तर पुढे जायला जागाच उरत नाही.

आणि घालण्याची पद्धत. पुढे हुक लावून गरगर फिरवली तरी चालतं, पण नंतर कमरेत वाक, उजवा हात डाव्या कपात घाल, काखेच्या मागून, थेट पाठीच्या कडेपासून मांस उचलून कपात आण. दुसऱ्या बाजूला तसंच. मग सरळ उभी राहा. काखेतली "चरबी" म्हणून जे समजलं जातं त्यातलं काही स्तनाचंच असू शकतं, लहान कपात न मावलेलं. हे केल्याशिवाय कोणत्याही ब्राबद्दल मत बनवायचं नाही. केल्यावर वरच्या काठाशी स्तनाचे दोन भाग दिसले तर कप लहानच.

वायर कुठे संपते ते बोटाने चाचपून बघ. काखेखालचं टोक फासळीवर हवं, मऊ भागावर नको. टोक मऊ भागावर असेल तर वायर अरुंद किंवा कप लहान. पार काखेत रुतत असेल तर वायर उंच, मग दुसरी डिझाइन. मधला भाग छातीच्या हाडाला टेकलेला हवा. स्तन मधे अगदी जवळजवळ असतील तर मात्र उंच मधला तुकडा टोचतो, त्यांनी खोल गळ्याचा, मधे बुटका असलेला घ्यावा.

दुपारचा चहा

३४-एफ मिळते कुठे पण? काउंटरवर विचारलं तर "एफ असा नंबरच नसतो" असं ऐकायला मिळतं.

सुईदोरा

नंबर असतो, त्यांच्या फळीवर नसतो. एनामोर, अमान्ते, ट्रायम्फ, झिवामी यांच्यात डीडीपर्यंत रंग-डिझाइन बघून घेता येतं, पुढे दोन-चार मॉडेल्सवर यावं लागतं. तीही बहुधा ऑनलाइनच, म्हणून परत घेण्याची अट वाचूनच मागवा. मार्क्स अँड स्पेन्सरचे नंबर ब्रिटिश असतात, तिथे डीडीच्या पुढे ई, एफ विचारता येतं आणि घालून बघायला खोली असते. पनाश, फ्रेया, फँटसी, एलोमी, कर्वी केट या ब्रिटिश कंपन्या मुळात मोठ्या कपांवरच चालतात, पण मागवलेली एक ब्रा दीड हजारात भागणार नाही. घरचं कोणी इंग्लंडात असेल तर ब्राविसिमो हे दुकान डी आणि त्यापुढच्या कपांसाठीच आहे.

बजेटमध्ये बसवायचा मार्ग: ३४-एफ नाही मिळाली तर ३६-ई घ्या आणि बँड आत घ्या. कप तोच आहे. मागची हुकची पट्टी आणि तिच्या जोडीची काजाची पट्टी उसवायची, दोन्ही पंखांतून प्रत्येकी अर्धा ते पाऊण इंच कापायचं, पट्ट्या परत जोडायच्या. एका बाजूला इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर स्ट्रॅपची मागची टोकं एकमेकांकडे सरकतात आणि कप कडेला ओढले जातात. शिवण बारीक झिगझॅग. साध्या सरळ टाक्याने शिवलं की बँड ताणल्यावर दोरा तुटतो, आणि तो तुटतो भर दिवसा. पिकोवाल्याकडे झिगझॅग असतंच, दहा मिनिटांचं काम.

कंपनीचा एक्स्टेन्डर हा तीन हुकांचा तुकडा उलट कामाचा: बँड सैल करायला. कप बरोबर, बँड थोडा कडक असेल तर पहिले काही आठवडे तो लावा.

साडीबद्दल. नीट बसणारी ब्रा घातली की छातीचा उंचवटा इंच-दीड इंच वर येतो. जुने ब्लाउज मग दगा देतात: टक्सचं टोक खाली राहतं, तिथे कापड रिकामं लोंबतं आणि वर हुकांवर ताण येऊन फटी पडतात. ब्रा बिघडली असं समजू नका. माप द्यायला जाताना नवीच ब्रा घालून जा, आणि शिंप्याला खांद्यापासून उंचवट्यापर्यंतची लांबी पुन्हा घ्यायला लावा. जुन्या ब्लाउजवरून माप देऊ नका. तीन हुकांची पट्टी दोन-सव्वादोन इंच रुंद असते, तेव्हा पाठीचा गळा त्याच्या वर किमान इंचभर ठेवा. खांद्याच्या शिवणीला आतून छोटी फीत आणि टिचबटण लावून घेतलं की स्ट्रॅप बाहेर डोकावत नाही. ब्लाउजात कप शिवून ब्रा वगळायचा सल्ला मिळेल, तो तुमच्या मापाला नाही. ब्लाउजच्या खालच्या पट्टीला ताण नसतो, ती वजन धरत नाही.

निरगुडी

बरं, वायरचं मागे घेते. पण पावसाळ्यात छातीखाली लाल होऊन खाज येते त्याचं काय?

टाचणी

सैल बँडमध्ये ते जास्त होतं, कारण स्तन खाली पोटाच्या कातडीला चिकटतो आणि मधला घाम वाळत नाही. स्तन उचलला गेला की तिथे हवा लागते. अंघोळीनंतर ती घडी टिपून पूर्ण कोरडी करायची, घासायची नाही. अर्धवट ओली ब्रा घालणं हे मुंबईच्या पावसात सगळ्यात मोठं कारण, म्हणून तीन तरी हव्यात: एक अंगावर, एक वाळत, एक विश्रांतीला. बँडच्या खाली मऊ सुती कापडाची दोन बोटं रुंद घडी ठेवली तरी फरक पडतो. लाल चट्ट्याला उठावदार कडा असेल, बारीक पुळ्या पसरत असतील तर ती बुरशी. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका, चट्टा चार दिवस दबतो आणि मग दुप्पट पसरतो. त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.

धुताना हुक लावून, गार पाण्यात, हाताने. पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची. वाळत घालताना स्ट्रॅपला टांगू नका, ओल्या कपांच्या वजनाने तो लांबतो. मधल्या तुकड्यावरून दोरीवर टाका, सावलीत. कडक ऊन आणि ड्रायर दोन्ही लायक्राचे वैरी.

बकुळ

३६-ई आणि ३४-एफ दोन्ही मागवल्या आहेत, एक परत करीन. डावी बाजू थोडी मोठी आहे, कप कुणाच्या मापाने?

सुईदोरा

मोठ्या बाजूच्या. उजव्या कपाचा स्ट्रॅप थोडा आखडून घ्या, तरी सुरकुती राहिली तर तळाशी पातळ पॅड. आल्या की लेबल न काढता, अंगावर पातळ टी-शर्ट घालून पंधरा मिनिटं घरात वावरा: हात वर करा, वाका, जिना चढा. हात वर केल्यावर वायर छातीखालून निघून वर येत असेल तर ती परत.